हात पोचत नाही तिथला बोल्ट

प्रश्न : गाडीची स्टार्टर मोटर बदलतो आहे. खालचा बोल्ट पटकन निघाला. वरचा मात्र गिअरबॉक्सच्या आड आहे, धड दिसतही नाही. गोटी पान्हा कसाबसा बसतो, पण फिरवायला जागाच नाही. काय करावे?

उत्तर : आधी खालचा बोल्ट हाताने परत लावा. तो निघाल्यामुळे मोटरचा सगळा भार वरच्या बोल्टवर आला आहे. मोटर किंचित कलली की बोल्ट भोकात तिरका दाबला जातो आणि गंज नसतानाही जाम वाटतो. अवघड बोल्ट आधी सोडवायचा आणि सोपा अगदी शेवटी, म्हणजे शेवटच्या क्षणी एका हाताने मोटर धरता येते.

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले नसेल तर ते आत्ताच काढा. स्टार्टरची जाड वायर बहुतेक गाड्यांत मध्ये फ्यूज न घेता थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून येते. पान्ह्याचे एक टोक तिच्या नटाला आणि दुसरे इंजिनला टेकले, तर पान्हा लाल होईपर्यंत करंट वाहतो. गाडीखाली जायचे असेल तर ती नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा.

आता जागा करा. अनेक गाड्यांत एअर फिल्टरचा डबा, त्याचा पाइप आणि बॅटरीचा ट्रे काढला की हा बोल्ट वरून दिसू लागतो. हे जादा काम टाळण्याकडे कल असतो, पण आंधळेपणी झटापट करण्यात याहून जास्त वेळ जातो आणि बोल्टचे डोके खराब होते ते वेगळेच. तरीही दिसत नसेल तर मोबाइल आत घालून फोटो काढा. बोल्टचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढे कळले तरी पुरते.

जवळून फिरवता येत नसेल तर लांबून फिरवा. एक्स्टेंशन रॉड एकाला एक जोडून गिअरबॉक्सच्या कडेने मोकळ्या जागेपर्यंत आणा. कोन द्यावा लागला तर युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकणारा सांधा) गोटीला लागूनच बसवा. तो मधेच कुठे लावला तर रॉड भरकटतो. कोन जितका कमी तितके बरे. 30 अंशांच्या पुढे जॉइंट अडखळतो आणि गोटी डोक्यावरून उडते. गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करते. रॅचेटचे (गोटी फिरवणाऱ्या, उलटा आणताना मोकळा सुटणाऱ्या दांड्याचे) दातेही मोजा : 24 दात्यांच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला 15 अंश जागा लागते, 72 दात्यांच्या रॅचेटला फक्त 5. अडचणीच्या जागी काम होते की नाही, ते या फरकावर ठरते.

तरी हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी बोल्ट आधी जरासा आवळायच्या दिशेने दाबा आणि मग उलटा फिरवा. गंजाची पकड या हिसक्याने तुटते. बोल्ट ज्यात बसतो तो भाग अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडी असेल तर एका दमात बाहेर काढू नका. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, असे करत बाहेर आणा, नाहीतर आटे सोबत निघतात.

बसवताना मोटर आणि गिअरबॉक्स यांचे टेकणारे भाग तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. सहसा स्टार्टरचे अर्थिंग याच टेकण्यातून जाते. तिथे गंज किंवा रंग राहिला तर नवी मोटरही मरगळल्यासारखी फिरते. पहिला वरचाच बोल्ट लावा, आणि तोही रॅचेटविना, नुसते एक्स्टेंशन बोटांनी फिरवत. तो गोटीतून पडू नये म्हणून डोक्यावर कागदाचा तुकडा ठेवून गोटीत दाबा. चार-पाच फेरे सहज गेले की आटे नीट धरले असे समजा. दोन्ही बोल्ट हाताने बसल्याशिवाय एकही आवळू नका. एक आधी आवळला तर दुसऱ्याचे भोक जुळत नाही आणि तो तिरका चढतो. जाड वायरीचा नट बेताने कसा, कारण आतला तांब्याचा खुंट फिरला तर सोलेनॉइड (स्टार्टरवरचा विजेवर चालणारा स्विच) बाद होतो.

प्रश्न : सर्वांत मागचा स्पार्क प्लग खोल नळीत आहे. काढता आला, पण बसवताना आटे चढतच नाहीत.

उत्तर : तिथे रॅचेट वापरूच नका. प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसणारी रबरी नळी, साधारण 25-30 सेंटिमीटरची, चढवा आणि तिनेच प्लग आत सोडा. आधी उलटा फिरवा. आट्याचे तोंड जुळते तिथे बारीकसा ‘टक’ जाणवतो, तिथून सुलटा फिरवा. आटे तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते आणि हेड, म्हणजे प्लग बसतो तो इंजिनचा वरचा भाग, वाचते. पान्हा असा घसरत नाही, म्हणूनच तो अशा वेळी आटे मारतो.

वॉशर असलेला नवा 14 मिलिमीटरचा प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण 25 ते 30 न्यूटन मीटरला कसतात, तरी तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम माना. टॉर्क रेंच (जोर मोजून कसणारा पान्हा) शिरत नसेल तर हाताने टेकेपर्यंत बसवून पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्या. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला फक्त एक सोळांश फेरा पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नका, तेवढ्याच जोरात प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. सरळ एक्स्टेंशनने टॉर्कचा आकडा बदलत नाही, युनिव्हर्सल जॉइंटने मात्र तो भरवशाचा राहत नाही. आणि हे सगळे इंजिन पूर्ण थंड असताना.

प्रश्न : हीटरचा होज (रबरी पाइप) फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ, चिकटून बसला आहे. ओढला तरी निघत नाही.

उत्तर : ओढू नका. त्याच्या आत हीटर कोअरची (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरची) पातळ नळी आहे. ती वाकली किंवा चिरली तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कूलंट थंड झाल्यावर उपसा, क्लॅम्प मागे सरकवा आणि होज जागच्या जागी गोल फिरवून सुटा करा. होज बदलणारच असाल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढा, फक्त ब्लेड नळीपर्यंत खोल जाऊ देऊ नका. स्प्रिंगच्या क्लॅम्पसाठी केबलवाली लांब पक्कड मिळते, अशा जागी ती फार कामाची. नवा होज चढवताना आत कूलंटच लावा. तेल किंवा ग्रीस लावले तर रबर फुगते.

प्रश्न : नट हातातून सुटला, खालीही पडला नाही. गाडी चालू केली तर चालेल का?

उत्तर : नाही. बेल्टमध्ये किंवा पंख्यात गेला तर नुकसान मोठे होते. आधी खालचे प्लास्टिकचे कव्हर उतरवून पाहा, बहुतेक वेळा तो त्यातच असतो. मग लवचीक दांड्याचे चुंबक फिरवा. नट स्टेनलेसचा असेल तर चुंबकाला लागेलच असे नाही, तेव्हा टोकाला चिकटपट्टी लावलेली तार वापरा. इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) उघडे असेल तर दुसरे काही करण्याआधी त्या तोंडांत टॉर्च मारून बघा, आणि लगेच स्वच्छ फडके कोंबून ती बंद करा.