तुमचे प्रश्न : टाइमटेबलात तीन विषय एकत्र बांधून दिलेत, हे काय प्रकरण आहे?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल, म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीच्या सरकारी कॉलेजांबद्दल, जाताजाता चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. त्यातले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ती म्हणजे 'लिंक्ड कोर्सेस' किंवा 'लर्निंग कम्युनिटी', म्हणजे दोन-तीन विषय जोडून त्याच मुलांना एकत्र शिकवायचे. मी न्यूयॉर्कच्या एका कम्युनिटी कॉलेजात अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं, तेही ऍडजंक्ट म्हणून, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तासिका तत्त्वावर, त्यामुळे ह्या विषयाची चांगली बाजू पण माहितीये आणि पोकळ बाजू पण. चार पत्रं निवडलीत.

ताई, माझा मुलगा ह्या फॉलला कम्युनिटी कॉलेजला जातोय, दोन वर्षं इथे करून मग रटगर्स युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर असा प्लॅन आहे. ऍडव्हायझरने त्याला इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी आणि एक क्रेडिटचा स्टुडंट सक्सेस असा गठ्ठाच दिला, म्हणे तिन्ही एकत्रच घ्यायचे, एक सोडता येणार नाही. मिस्टर म्हणतात ही कच्च्या मुलांना वेगळं बसवायची आयडिया आहे आणि हे क्रेडिट पुढे कोणी धरणार नाही. खरं आहे का? – एक आई, एडिसन, न्यू जर्सी

आधी क्रेडिटचं सांगते म्हणजे घरात शांतता होईल. कोर्सेस बांधलेले असतात ते फक्त रजिस्ट्रेशनपुरते. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे मार्कशीटवर, इंग्लिश वेगळं दिसतं, सायकॉलॉजी वेगळं दिसतं, ग्रेड वेगळी, क्रेडिट वेगळे, पुढच्या कॉलेजला तो गठ्ठा होता की सुटं होतं हे बघायचं कारणच नसतं. आणि न्यू जर्सीत तर 2007 चा कायदाच आहे, तिथल्या कम्युनिटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. ही दोन वर्षांची डिग्री पूर्ण करून स्टेटच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत गेलं तर ते क्रेडिट धरले जातात. शब्द लक्षात घ्या, डिग्री 'पूर्ण करून'. मधेच उडी मारली तर प्रत्येक कोर्सचं वेगळं बघावं लागतं. त्या एक क्रेडिटच्या कोर्सबद्दल मात्र ऍडव्हायझरला स्पष्ट विचारा, तो कुठे इलेक्टिव्ह म्हणून धरतात तर कुठे नुसता पडून राहतो.

आता कच्च्या मुलांचं. मिस्टर पूर्ण चुकीचे नाहीत, बऱ्याच ठिकाणी हे प्रकार इंग्रजी-गणितात मागे असलेल्या मुलांसाठीच केले गेले. पण मूळ कल्पना तिथली नाही. 1927 ते 1932 अशी पाच वर्षं विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत अलेक्झांडर माइकलजॉन ह्या माणसाने एक एक्सपरिमेंटल कॉलेज चालवलं, त्यात विषयच नव्हते, पहिलं वर्ष प्राचीन अथेन्स आणि दुसरं वर्ष आजची अमेरिका, बास, इतिहास राजकारण साहित्य सगळं त्यातूनच. ते कॉलेज बंद पडलं पण कल्पना मेली नाही, पुढे वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपियाला 1971 मध्ये एव्हरग्रीन स्टेट कॉलेज सुरू झालं तिथे पुन्हा हेच, आणि तिथून मग सिएटल सेंट्रलसारख्या कम्युनिटी कॉलेजांत. म्हणजे हुशारांचं खूळ होतं, नंतर सगळ्यांच्या कामाचं निघालं.

कामाचं का निघालं, तर कम्युनिटी कॉलेजची एक गोची आहे जी आपल्याकडून आलेल्या आईबापांच्या लक्षात येत नाही. आपण कॉलेजला गेलो तेव्हा एफ.वाय.ची एक बॅच होती, दिवसभर तीच तोंडं, कट्टा, कँटीन. इथे तसं नसतं. प्रत्येक पोरगा आपापले कोर्स निवडतो, नऊच्या इंग्लिशला वेगळे पंचवीस जण, अकराच्या सायकॉलॉजीला वेगळे, आणि बारा वाजता हा गाडीत बसून कामावर, कुठे स्टोअरमध्ये नाहीतर गोदामात. होस्टेल बहुतेक ठिकाणी नाही. सहा आठवडे झाले तरी शेजारच्याचं नाव माहीत नसतं, आणि मग एक दिवस हा यायचा थांबतो तर कोणाला पत्ताच लागत नाही. आपल्या वारीत दिंडी असते ना, एक माणूस मागे राहिला तर संध्याकाळी पंगतीत कळतं. लिंक्ड कोर्सेस म्हणजे तेवढंच, तीच मुलं दोन-तीन वर्गांत एकत्र, म्हणजे कोणीतरी विचारतं काल कुठे होतास.

ह्याचा अभ्यासही झालाय. ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात 2003 ते 2005 मध्ये एमडीआरसी ह्या संशोधन संस्थेने सुमारे 1,500 नव्या विद्यार्थ्यांची अक्षरशः लॉटरी काढली, अर्धे नेहमीसारखे, अर्धे लर्निंग कम्युनिटीत. साधारण 25 जणांचा गट, तीन कोर्स एकत्र, इंग्लिश आणि एखादा हेल्थ किंवा सायकॉलॉजीसारखा विषय आणि एक क्रेडिटचं ओरिएंटेशन, अगदी तुमच्या मुलाला दिलंय तस्संच, शिवाय पुस्तकांसाठी व्हाउचर. पहिल्या सेमिस्टरला जास्त मुलं पास झाली, इंग्रजीच्या चाचण्या लवकर सुटल्या, आणि सहा वर्षांनी बघितलं तर डिग्री घेणारे साधारण 31 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर. पाच टक्के म्हणजे काही चमत्कार नाही, पण खर्च एका सेमिस्टरचा होता हे धरलं तर वाईटही नाही.

तेव्हा घेऊ द्या त्याला. फक्त एक विचारून ठेवा, मधेच एक विषय झेपला नाही तर तिन्ही सोडावे लागतात का. बऱ्याच ठिकाणी उत्तर 'हो' असतं, आणि मग 12 क्रेडिटच्या खाली गेलं की फुल टाइम राहत नाही, फायनान्शियल एडचं गणित बदलतं.

मॅडम, मी एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) आहे, 38 वर्षांची, पुण्यात बी.कॉम. केलेलं पण त्याला आता सोळा वर्षं झाली. इथे क्वीन्समध्ये कॉलेजला जायचं मनात आहे पण माझ्या भाच्याच्या वयाच्या पोरांमध्ये बसायचं, तेही तीन-तीन वर्ग त्यांच्याच बरोबर, म्हणजे सुटकाच नाही. मला सुटे कोर्सच बरे ना? – जॅक्सन हाइट्स

एच-फोरवर शिकायला आडकाठी नाही, पार्ट टाइम पण चालतं, ते एक बरंय. आणि तुम्ही राहता तिथून सेव्हन ट्रेनने थोड्याच स्टेशनांवर लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज आहे, 1971 ला सुरू झालेलं, त्याची एक इमारत तर जुनी बिस्किटांची फॅक्टरी आहे. तिथे सत्तरच्या दशकापासून हे क्लस्टर चालतात, एक थीम घ्यायची आणि इंग्लिश, रिसर्च पेपर, सोशल सायन्स वगैरे सगळं तिच्याभोवती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्हिन्सेंट टिंटो नावाच्या समाजशास्त्रज्ञाने मुलं कॉलेज का सोडतात ह्यावर काम केलं, त्यात ह्या कॉलेजचा अभ्यास होता, म्हणजे ह्या विषयात हे नाव जुनं आहे.

वयाचं म्हणाल तर माझ्या एका वर्गाची गोष्ट सांगते. मी इंग्लिश आणि दुसरे एक सर स्टॅटिस्टिक्स, अशी जोडी होती, 22 मुलं. आम्ही ठरवलं की दोन आठवडे सगळ्यांनी घर ते कॉलेज किती मिनिटं लागतात ते वहीत लिहायचं, सरांच्या तासाला त्याचा मीन (सरासरी) आणि मिडियन (ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) काढायचा आणि माझ्या तासाला सबवे-बसवाल्यांना पत्र लिहायचं. मीन आला 56 मिनिटं, मिडियन 52. आता पत्रात कुठला आकडा टाकायचा ह्यावर जी जुंपली म्हणता! पोरं म्हणाली मोठा टाका, परिणाम होईल. एक शहाणा म्हणाला, मीन फुगलाय कारण एकच जण फार लांबून येतं, खरा मिडियनच. ते लांबून येणारं 'एक जण' म्हणजे गयानाहून आलेल्या 51 वर्षांच्या बाई, शहराच्या पार टोकाला 'फार रॉकअवे' नावाच्या भागात राहायच्या, त्या मागून शांतपणे म्हणाल्या, "तुमचा मिडियन मला घरी सोडायला येणारे का? मला सव्वादोन तास लागतात." वर्ग गप्प. शेवटी पत्रात दोन्ही आकडे गेले आणि खाली त्यांचा एक परिच्छेद, बस कुठे चुकते, किती वेळ उभं राहावं लागतं. सर मला नंतर म्हणाले, आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार लांब पडलेला आकडा, ही कन्सेप्ट मी बारा वर्षं शिकवतोय पण पोरांच्या इतकी डोक्यात बसलेली पहिल्यांदा बघितली. त्या बाईंच्या भोवती मग परीक्षेपर्यंत घोळका असायचा, त्यांच्या नोट्स सगळ्यात व्यवस्थित असायच्या.

सुट्या कोर्समध्ये त्या कोपऱ्यात बसून गेल्या असत्या. वय मोठं असलं तर गटात उलट फायदाच होतो, असं माझं मत. फक्त वेळ बघा, हे गठ्ठे बहुतेक सकाळचे असतात, मुलांच्या शाळेच्या वेळेत बसले तरच घ्या. इंग्रजी बोलायची भीती असेल तर ईएसएलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या इंग्रजीचे) पण असे जोडकोर्स काही कॉलेजांत असतात, चौकशी करा.

मी ऑलरेडी लर्निंग कम्युनिटीत आहे. हिस्ट्री प्लस इंग्लिश. दोन्ही प्रोफेसर एकाच आठवड्यात पेपर मागतात आणि एकमेकांना माहीत पण नसतं, लिंक काय आहे तेच कळत नाही. सेक्शन बदलू का? – एक विद्यार्थी

अरे, हे वाचून मला माझंच आठवलं. एका सेमिस्टरला माझा वर्ग बायोलॉजीच्या एका वर्गाशी 'लिंक्ड' होता असं मला तिसऱ्या आठवड्यात मुलांकडून कळलं! ऑफिसने कागदावर जोडलं, आम्ही दोघं आयुष्यात भेटलो नाही. बायोलॉजीच्या लॅबच्या दिवशीच मी निबंध ठेवायची आणि मुलं माझ्याकडे अशी बघायची जसं काही मी मुद्दाम करतेय. नावाला सोयरीक, वधूवर एकमेकांना ओळखत नाहीत.

सेक्शन लगेच बदलू नकोस, आधी दोन-तीन जण मिळून दोघांनाही एकच मेल टाका, दोघांना सीसीमध्ये ठेवून, की तारखा आपटतायत आणि एकच टॉपिक दोन्हीकडे चालेल का. तक्रारीचा सूर नको. माझा अनुभव असा की पन्नास टक्के वेळा दोघं त्या मेलमुळेच पहिल्यांदा बोलतात. नाहीच जमलं तर ऍड-ड्रॉपची (विषय बदलायची) तारीख गेलीये का ते बघ, गेली असेल तर पूर्ण कर, ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, कशाला.

मी सोलापूर जिल्ह्यात एका सीनियर कॉलेजला आर्ट्सला शिकवतो. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ) असे इतके तुकडे झालेत की विद्यार्थी म्हणतो सर मी नेमकं काय शिकतोय. एक ना धड भाराभर चिंध्या. तुमचे हे लिंक्ड कोर्सेस आमच्याकडे जमतील का? – बार्शी

सर, तुमच्या पत्राने मला दोन दिवस विचार करायला लावला. आधी एक गार पाणी ओतते. किंग्जबरोनंतर त्याच संशोधकांनी सहा कॉलेजांत हा प्रयोग करून बघितला, बहुतेक ठिकाणी मागे पडलेल्या मुलांसाठी, एकाच सेमिस्टरपुरता. सरासरी काय मिळालं तर ज्या विषयावर भर होता त्या विषयात साधारण अर्धा क्रेडिट जास्त. बास. टिकून राहण्यावर काही फरक नाही. ह्याउलट न्यूयॉर्कच्याच सिटी युनिव्हर्सिटीने 2007 पासून एएसएपी नावाचा कार्यक्रम चालवला, त्यात जोडकोर्स होतेच पण शिवाय फी माफ, प्रवासाचा पास, पुस्तकं, आणि प्रत्येकाच्या मागे सतत लागणारा ऍडव्हायझर, तीन वर्षं. तिथे तीन वर्षांत डिग्री घेणारे 22 टक्क्यांवरून 40 वर गेले. म्हणजे नुसते विषय बांधून पोरगं बांधलं जात नाही, एसटीच्या पासाचे पैसे पण लागतात. हे तुम्हाला मी काय सांगणार.

दुसरं असं की ह्या प्रयोगाचा अर्धा भाग तुमच्याकडे आधीच आहे. इथे मुलं एकमेकांना अनोळखी असतात म्हणून त्यांना एकत्र आणावं लागतं, तुमच्याकडे एफ.वाय.ची मुलं एकाच बसने येतात, एकच डबा खातात. तुमच्याकडे अनोळखी आहेत ते विषय. अर्थशास्त्राच्या सरांना माहीत नसतं मराठीत काय चाललंय. तेव्हा वेळापत्रक, कमिटी, परिपत्रक ह्यात पडूच नका, तुम्ही आणि अजून एक कोणीतरी ज्याच्याशी तुमचं चहापुरतं पटतं, दोघांनी मिळून सेमिस्टरला एकच काम ठरवा जे दोन्ही तासांना चालेल.

तुमच्याकडे मार्केट यार्ड आहे. मुलांना सांगा घरातली नाहीतर शेजाऱ्याची कांद्याची पट्टी आणा, अडत्याने दिलेली, तीच हिशोबाची. हमाली किती, तोलाई किती, मोटारभाडं किती, हातात काय आलं. अर्थशास्त्राच्या तासाला त्याचा तक्ता आणि टक्केवारी, मराठीच्या तासाला त्याच पट्टीवर दीड पानाचा लेख, ज्याच्या घरची आहे त्याला विचारून लिहिलेला. अंतर्गत मूल्यमापनात दोन्हीकडे मार्क द्या, त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. आणि तुमच्या जोडीला तासिका तत्त्वावरचा कोणी असेल तर त्याला ह्या चर्चेच्या बैठकांचे पैसे कोणी देणार नाही, इथे मलाही कोणी दिले नाहीत आणि माझ्या मते हे जोडकोर्स कोलमडतात ते इथेच, तेव्हा निदान बैठक त्याच्या तासाच्या दिवशीच ठेवा, वेगळी चक्कर नको.

पट्टीवरची नावं मात्र वर्गात आणायच्या आधी खोडून झेरॉक्स काढायला लावा, शेतकऱ्याचं पण आणि अडत्याचं पण. बार्शीत कोण कोणाचा मामा निघेल सांगता येत नाही.