भाताची उंची शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला शेतकरी. मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), पीसीएमबीला (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) आहे. तिला भाताच्या बुटकेपणाच्या जनुकावर संशोधन करायचंय. त्यावर पोट भरेल का? की सरळ बायोटेकला घालू?

उत्तर : पोट भरेल, पण उशिरा. वैज्ञानिक व्हायचं तर बीएस्सी चार वर्षं, एमएस्सी दोन, वर पीएचडी. एवढा दम घरातल्या सगळ्यांना हवा.

विषय मात्र मुलीनं नेमका धरलाय. उंच भाताला युरिया जास्त झाला की लोंबी भरताना ते आडवं होतं, हे तुम्हाला काय सांगायचं! 'डी-जिओ-वू-जेन' या तैवानच्या बुटक्या वाणात 'एसडी-1' जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी तयार होतं आणि कांड्या आखूड राहतात. लोंबी मात्र चांगली भरते. फिलिपिन्समध्ये त्याच वाणापासून 1966 साली आयआर-8 हे बुटकं वाण आलं. आणि तुमच्याकडचं इंद्रायणी? आंबेमोहर आणि आयआर-8 यांचा संकर.

मग आता उरलं काय? हे जनुक अप्रभावी आहे. उंच-बुटक्याच्या संकरात पहिली पिढी सगळी उंच, दुसरीत साधारण चारातलं एक बुटकं. बेळगाव बासमतीसारख्या उंच भाताचा वास राखून उंची कमी करायची, तर पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करावा लागतो. त्यातली रोपं सगळी उंचच, जनुक कुणात उतरलंय ते नजरेला दिसत नाही. पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासला की रोप लहान असतानाच कळतं, हंगाम वाचतात. शेत आणि प्रयोगशाळा दोन्ही येणारा माणूस बियाणे कंपन्यांनाही हवा असतो. (बुटक्या भाताची पिंजर, म्हणजे पेंढा, कमी पडते ही गवळ्यांची तक्रारही खरीच, तिचाही विचार पैदासकारालाच करावा लागतो.)

म्हणून माझ्या मते बायोटेक नको. बीएस्सी कृषी, पुढे अनुवंशशास्त्र व वनस्पती पैदास यात एमएस्सी. धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, मुगदला त्यांचं भात संशोधन केंद्रही आहे. केसीईटीचा (कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा) अर्ज भरताना शेतकऱ्यांच्या मुलांसाठीचा कोटा सोडू नका. तुमचं गाव महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांत असेल, तर महाराष्ट्रातल्या प्रवेशाच्या सवलतीही माहितीपत्रकात बघा.

शेतकरी कोट्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा असते. बियाणं, अवजारं ओळखावी लागतात. ती नावं तिला कन्नडमध्येही येऊ द्यात.