पेन्यारोलचं यश: हिशेब कुठे आणि चमत्कार कुठे

तुम्ही विचारलंय की जेमतेम पस्तीस लाख वस्तीच्या उरुग्वेतला पेन्यारोल हा क्लब दक्षिण अमेरिकेचा पाच वेळा विजेता झालाच कसा, आणि ‘देश छोटा पण जिगर मोठी’ एवढं उत्तर त्याला पुरतं का. या क्लबचा इतिहास मी बरीच वर्षं आवडीने वाचत आलोय आणि माझं मत सरळ आहे: पुरत नाही. १९६०, १९६१ आणि १९६६ या तीन विजेतेपदांमागे चांगला कारभार, योग्य वेळ आणि खंडभरातून निवडून आणलेली माणसं होती. १९८७चं विजेतेपद मात्र खरोखर जिगरीचं. ही दोन्ही एकाच गोष्टीत कोंबली, तर दोन्हींवर अन्याय होतो.

सुरुवात रेल्वेपासून आहे. मोंतेव्हिदेओबाहेरच्या पेन्यारोल या गावात सेंट्रल उरुग्वे रेल्वे या ब्रिटिश कंपनीचे कारखाने होते. २८ सप्टेंबर १८९१ रोजी तिथल्या ११८ जणांनी कंपनीच्या नावाने क्रिकेट क्लब काढला. त्यात ७२ इंग्रज, ४५ उरुग्वेयन आणि एक जर्मन. लवकरच क्रिकेट मागे पडून फुटबॉल पुढे आला. पिवळा-काळा रंग रेल्वेचाच, आणि ‘कोळसेवाले’ ही ओळखही तिथलीच. १९०० साली देशात पहिली लीग झाली, ती यांनीच जिंकली. १९०९मध्ये जॉन हार्ली हा स्कॉटिश खेळाडू ब्युनोस आयर्सहून आला. तोवर उंच, लांब चेंडू मारून मागे धावायची पद्धत होती. हार्लीने जमिनीवरून छोटे पास देत खेळणं रुजवलं. उरुग्वेने १९२४ आणि १९२८चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं त्या शैलीचं मूळ इथे आहे.

१९१३-१४च्या सुमारास रेल्वे कंपनीने फुटबॉलमधून अंग काढून घेतलं आणि क्लब पेन्यारोल या नावाने स्वतंत्र झाला. त्यावरून नासिओनाल या कट्टर प्रतिस्पर्ध्याशी आजही वाद आहे. नासिओनालची स्थापना १८९९ची. त्यांचं म्हणणं, पेन्यारोल जन्मला १९१३ साली, म्हणजे थोरले आम्ही. खेळाडू तेच, रंग तेच, लीगमधली जागाही खंड न पडता तीच. त्यामुळे मला १८९१ हेच साल पटतं. नासिओनालचा चाहता भेटला तर तो हे कधीच मानणार नाही, हेही सांगून ठेवतो.

या क्लबबद्दल मला सर्वात जास्त आदर वाटतो तो इसाबेलिनो ग्रादीनमुळे. गुलामगिरीत राबलेल्यांचा हा वंशज, पेन्यारोलचा आघाडीचा खेळाडू. १९१६च्या पहिल्या दक्षिण अमेरिकन स्पर्धेत उरुग्वेने चिलीला ४-० हरवलं, त्यातले दोन गोल ग्रादीनचे. उरुग्वेने ‘आफ्रिकन’ खेळाडू उतरवले, अशी तक्रार त्या सामन्यानंतर चिलीने केली. उरुग्वेने ती जुमानली नाही आणि ग्रादीन स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. पुढे तो २०० आणि ४०० मीटर धावण्यातही खंडाचा विजेता झाला. ज्या काळात शेजारच्या देशांत काळ्या खेळाडूंना संघात घ्यावं की नाही यावर खल चालू होता, त्या काळात उरुग्वेने त्यांना सरळ खेळवलं. एवढ्याशा लोकसंख्येत कुणाला वगळणं परवडणारंही नव्हतं.

त्याच वाटेवरचा पुढचा माणूस म्हणजे ओब्दुलिओ वारेला, १९५०च्या विश्वचषकाचा कर्णधार. रिओतल्या माराकाना मैदानावर ब्राझीलला हरवणाऱ्या त्या सामन्यातले उरुग्वेचे दोन्ही गोल स्कियाफिनो आणि गिजिया या पेन्यारोलच्याच जोडीचे, गोलरक्षक मास्पोलीही पेन्यारोलचा. पण वारेलाची ओळख तेवढीच नाही. १९४८-४९मध्ये उरुग्वेच्या खेळाडूंनी हक्कांसाठी कित्येक महिने संप केला, त्यात तो पुढे होता. नंतर क्लबने शर्टावर जाहिरात घेतली तेव्हा दहाजण ती छातीवर मिरवत उतरले. वारेला साध्या शर्टात उतरला.

आता मुख्य मुद्दा. कोपा लिबेर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा १९६० साली सुरू झाली, आणि ती सुरू व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांत पेन्यारोलचे पदाधिकारी आघाडीवर होते. स्पर्धा कशी असणार, ती जिंकायला कसा संघ लागणार, याचा विचार त्यांनी इतरांच्या आधी केला होता. इक्वेडोरहून आल्बेर्तो स्पेन्सरला आणलं. वर्षभराने पेरूचा हुआन होया आला. १९ एप्रिल १९६० रोजी स्पर्धेच्या इतिहासातला पहिलाच सामना पेन्यारोलने बोलिव्हियाच्या होर्हे विल्स्टरमानविरुद्ध ७-१ जिंकला. चार गोल एकट्या स्पेन्सरचे. त्याचे या स्पर्धेतले एकूण ५४ गोल हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि त्यातले ४८ पेन्यारोलसाठीचे आहेत. १९६१ साली युरोपचा विजेता असलेल्या पोर्तुगालच्या बेनफिकाला मोंतेव्हिदेओत ५-० हरवून, मग निर्णायक लढतीत २-१ हरवून हा क्लब जगज्जेता झाला. त्या निर्णायक लढतीसाठी बेनफिकाने तरुण युसेबियोला खास विमानाने बोलावून घेतलं होतं, तरीही.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. १९५०च्या दशकात गिजिया आणि स्कियाफिनो इटलीला गेले होते. मात्र १९६०च्या दशकाच्या मध्यापासून १९८०पर्यंत इटलीने परदेशी खेळाडू घेणं थांबवलं, स्पेननेही बरीच वर्षं दार लावून घेतलं. त्यामुळे पेद्रो रोचा, गोलरक्षक माझुरकिएविच असे खेळाडू ऐन भरात घरीच राहिले. आज यांच्यातला एकही विशी ओलांडेपर्यंत मोंतेव्हिदेओत दिसला नसता.

१९६६चा अंतिम सामना मात्र सविस्तर सांगायलाच हवा. अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटविरुद्ध दोन सामन्यांत दोघांनी एकेक जिंकला, म्हणून २० मे रोजी तिसरा सामना त्रयस्थ ठिकाणी, चिलीतल्या सांतियागोला. मध्यंतराला रिव्हर २-० पुढे. मग स्पेन्सरने मारलेला हेडर रिव्हरचा गोलरक्षक कारिसोने हाताने न धरता छातीवर घेतला. पेन्यारोलच्या खेळाडूंना ती टिंगल वाटली आणि सगळा संघ पेटून उठला. स्पेन्सरने एक गोल फेडला, आबादिएच्या फटक्यावर बरोबरी झाली, आणि जादा वेळेत स्पेन्सर आणि रोचा यांनी सामना ४-२ असा फिरवला. रिव्हरचा संघ मायदेशी परतल्यावर पुढच्याच एका सामन्यात समोरच्या चाहत्यांनी अंगावर लाल पट्टा रंगवलेली पांढरी कोंबडी मैदानात सोडली. रिव्हरला ‘कोंबड्या’ म्हणून चिडवतात ते तेव्हापासून. त्याच वर्षी जगज्जेतेपदाच्या लढतीत पेन्यारोलने युरोपच्या विजेत्या रेआल माद्रिदला घरी आणि माद्रिदमध्ये, दोन्हीकडे २-० हरवलं. प्रशिक्षक कोण, तर १९५०चा गोलरक्षक मास्पोली.

१९८२चं यश मधल्या काळातलं. फेर्नांदो मोरेना स्पेनमध्ये खेळत होता. त्याला परत आणायला चाहत्यांनी वर्गणी काढली. १९८१मध्ये तो आला आणि पुढच्या वर्षी चिलीच्या कोब्रेलोआविरुद्ध अंतिम सामन्यात ८९व्या मिनिटाला विजयी गोल करून त्याने लोकांचा पैसा फेडला. मग तोक्योत जगज्जेतेपदासाठी युरोपच्या विजेत्या अ‍ॅस्टन व्हिलाला २-० हरवलं.

पाच वर्षांनी चित्र पार बदललेलं होतं. १९८७ साली क्लब पैशाच्या चणचणीत, संघात बहुतेक पोरं, आणि प्रशिक्षक चाळिशीतले ऑस्कार ताबारेस, जे पुढे उरुग्वेला २०१०च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत घेऊन गेले. समोर कोलंबियाचा अमेरिका दे काली, त्यात गारेका, काबान्यास, बातालिया, गोलरक्षक फाल्सिओनी असे परदेशांतून आणलेले नामांकित खेळाडू. हा संघ आधीच्या दोन्ही वर्षी अंतिम फेरीत हरलेला, त्यामुळे इरेला पेटलेला. कालीत पेन्यारोल ०-२ हरला. मोंतेव्हिदेओत २-१ जिंकला, तोही अगदी शेवटी वियारच्या फ्री किकवर. ३१ ऑक्टोबरला पुन्हा सांतियागो. नव्वद मिनिटं ०-०, जादा वेळ संपत आली तरी ०-०. बरोबरी राहिली तर गोलफरकावर चषक कालीचा. अखेरच्या काही सेकंदांत बावीस वर्षांच्या दिएगो आगिरेने पेनल्टी क्षेत्रात चेंडू डाव्या पायावर घेतला आणि फाल्सिओनीच्या पलीकडे, दूरच्या कोपऱ्यात मारला. त्यानंतर खेळायला जवळजवळ वेळच उरला नव्हता. चमत्कार म्हणायचाच असेल, तर तो याला म्हणा.

त्यानंतर चषक आलेला नाही. १९९३ ते १९९७ सलग पाच वेळा देशाची लीग जिंकली, पण खंडाच्या पातळीवर ब्राझीलच्या पैशापुढे टिकाव धरणं अवघड झालं. वाल्वेर्दे, डार्विन नुन्येस, पेलिस्त्री ही सगळी पेन्यारोलची पोरं, आणि तिघंही लवकर विकली गेली. विकणं हाच आता क्लबच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. याला मी क्लबचा दोष मानत नाही.

आपल्याकडचा एक धागाही आहे. २०१६च्या मोसमात मुंबई सिटीकडून खेळलेला दिएगो फोर्लान इथे येण्याआधी पेन्यारोलकडून लीग जिंकून आला होता. त्याचे वडील पाब्लो फोर्लान १९६६च्या त्या विजेत्या संघात बचावपटू होते. अंधेरीत केरळविरुद्धची त्याची हॅटट्रिक ज्यांनी पाहिली, त्यांनी या परंपरेचा एक तुकडा जवळून पाहिलाय.

तुमचा शेवटचा प्रश्न, पुन्हा कधी जिंकतील का? आगिरे प्रशिक्षक म्हणून दोनदा जवळ पोचला. २०११मध्ये अंतिम फेरीत नेमारच्या, ब्राझीलमधल्या सांतोसकडून हार झाली. २०२४मध्ये माराकानावर ब्राझीलच्याच फ्लामेंगोला १-० हरवून त्याचा संघ उपांत्य फेरीत गेला, तिथे ब्राझीलच्या बोताफोगोने ५-० चोपलं. परतीची लढत पेन्यारोलने ३-१ जिंकली. एखाद्या ब्राझिलियन टीमला एखाद्या दिवशी ते अजूनही हरवू शकतात. तीन-चार फेऱ्या ओळीने तेच करायचं, तर चांगली पोरं निदान तेविशीपर्यंत घरी राहायला हवीत, आणि आजच्या खेळाडूंच्या बाजारात ते होताना मला दिसत नाही.