‘मैत्रिणींना माझं रडगाणं कशाला?’

‘त्यांना त्यांचे व्याप काय कमी आहेत? त्यात माझं रडगाणं कशाला?’ समुपदेशनाच्या खोलीत मैत्रिणींचा विषय निघाला की समोरची बाई हमखास हे म्हणते, मग ती विशीतली असो की साठीतली. म्हणून एकीची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

चाळिशीतली, नोकरी सांभाळून आईचं आजारपण काढणारी. झोप उडाली होती, कामाच्या मध्येच डोळे भरून यायचे. शाळेपासूनच्या तीन मैत्रिणी होत्या. एकीचा घटस्फोट, दुसरीच्या मुलाचं नापास होणं, सगळं हिला ठाऊक. ‘अडलं की त्या मलाच फोन करतात,’ ती जरा ताठ बसत म्हणाली.

‘आणि त्यांना तुमच्याबद्दल काय माहीत आहे?’

ती बराच वेळ पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली. ‘आई आजारी आहे, एवढंच.’

मी सुचवलं, सगळं नको, एकीलाच सांगा आणि फक्त झोपेचं सांगा. त्यालाही काही आठवडे गेले. मेसेज लिहायची, पुसून टाकायची. शेवटी फोन केला. मैत्रीण आधी गप्प झाली, मग चिडलीच. ‘तू कधी काही बोलत नाहीस, म्हणून मीही हल्ली सांगायचं टाळते. वाटतं, मीच मेली सारखी रडत असते.’

हे मला सांगताना ती ढसाढसा रडली. ‘मॅडम, मला वाटत होतं मी त्यांना जपतेय.’

इतक्या वर्षांच्या कामात मला हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपण फक्त ऐकत राहिलो की समोरचीला तीच आपल्यावर ओझं झाल्यासारखं वाटू लागतं, आणि हळूहळू दोघीही एकट्या पडतात. मनाची जखम नात्यात होते आणि भरतेही नात्यातच, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. माझ्या खोलीत फक्त सराव होतो. जे सावरायचं ते बाहेरच्या माणसांतच सावरतं. संशोधक टिरिल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये दीर्घकाळ नैराश्य असलेल्या स्त्रियांना स्वयंसेवक मैत्रिणी जोडून दिल्या. वर्षभर, आठवड्यातून निदान तासभर भेट, गप्पा, सोबत. १९९९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत अशी सोबत मिळालेल्या ६५ टक्के जणी नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. अशी मैत्रीण अजून न मिळालेल्या, प्रतीक्षायादीवरच्या जणींपैकी ३९ टक्के. त्या मैत्रिणी काही तज्ज्ञ नव्हत्या.

मात्र मन मोकळं करणं वेगळं आणि तेच ते उगाळणं वेगळं. संशोधक अमँडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या अभ्यासात दाखवलं, की दोघांनी मिळून एकच दुःख घोळवत राहिलं की मैत्री घट्ट होते, पण त्याच्या जोडीला उदासी आणि काळजीही जास्त दिसते. म्हणून बोलून झालं की एकत्र चालायला जा, काहीतरी काम करा. सुरुवातीलाच सांगून टाका, ‘सल्ला नको, नुसतं ऐक.’ बऱ्याच मैत्रिणींना हे ऐकून हायसंच वाटतं. आणि तुमचं झालं की तिचंही विचारा.

एखादी मैत्रीण ऐकलेलं चारचौघांत बोलते, असाही अनुभव येतो. तिच्याशी गप्पा जरूर मारा, पण मनातलं सांगायला दुसरी शोधा. त्यासाठी दहा जणी लागत नाहीत.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मैत्रीण औषधाची जागा घेऊ शकत नाही. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. तिला फोन करा, ‘माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल’ म्हणा.