गॅस भरायला हो म्हणू नका, आधी दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरा

भाऊ, सावद्याच्या मळ्यात उभी केलेली ट्रॅव्हलर गाडी, आत एक टनाचा पोर्टेबल एसी, खिडकीतून काढलेला एकच पाइप, दोन तास चालवूनही आत 35 अंश, आणि सर्व्हिसवाला म्हणतो गॅस भरावा लागेल. तुमची पोस्ट वाचताना वाटलं, ही मीच तीन वर्षांपूर्वी लिहिलीय. आमची गाडी यावलकडच्या मळ्यात होती, एवढाच फरक.

त्या माणसाला अजून हो म्हणू नका. मी दोनदा म्हटलं, दर खेपेला साडेतीन हजार मोजले. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. आमच्याकडे आलेल्याने ना गळती पाहिली, ना थंड हवेच्या जाळीपाशी थर्मामीटर धरला. सर्व्हिस सेंटरला फोन केला की नवा तक्रार नंबर मिळायचा आणि दुसऱ्या दिवशी काम न होताच तक्रार बंद झाल्याचा मेसेज यायचा. एसी घेतला होता आईसाठी, तिला ऊन बाधायचं म्हणून. आणि ती भर दुपारी डोक्यावर ओला पंचा घेऊन निंबाखाली खाटेवर पडलेली. आजही आठवलं की जीव जळतो.

दोष दिसला तो तिच्याच उदबत्तीमुळे. एका संध्याकाळी तिने गाडीच्या पायरीवर उदबत्ती लावली. धूर वर जाईना, आडवा होऊन दाराच्या रबराखालच्या फटीतून सरळ आत ओढला जात होता. एसी बंद केला, तर धूर पुन्हा सरळ वर.

एक पाइपवाला एसी मागचं कॉइल, म्हणजे तापणारी नळ्यांची जाळी, गार करायला खोलीतलीच हवा घेतो आणि तापवून बाहेर फेकतो. जेवढी बाहेर गेली तेवढी फटीफटीतून आत येते, आणि मे महिन्यात आपल्याकडे ती 44 अंशांची असते. तासाला 300 घनमीटर हवा बाहेर जाते असं धरा आणि गाडीच्या आत 15 घनमीटर जागा. म्हणजे दर तीन मिनिटांना अख्खी गाडी बाहेरच्या झळांनी भरते. मोठ्या खोलीत हे एवढं जाणवत नाही, लहान जागेत मात्र हेच घात करतं. फटी बुजवून पूर्ण सुटका नाही, हवा कुठून तरी येणारच.

हे कॉइल गार करायला एसी मागच्या खालच्या जाळीतून हवा ओढतो, त्या जाळीवर मी प्लायचं खोकं बसवलं आणि त्याला दुसरा पाइप जोडून सावलीच्या बाजूने बाहेरची हवा दिली. गरम हवेचा पाइप शक्य तेवढा आखूड केला आणि त्यावर जुनी गोधडी गुंडाळली. तो पाइप हात लावता येणार नाही इतका तापतो, म्हणजे आत शेगडीच ठेवल्यासारखं. टपावर वीतभर उंच हिरवी नेट ताणली, तिच्यावर केळीची वाळलेली पानं. 36 वरून 29 वर आलो. मी इंजिनिअर नाही, खोक्याने वॉरंटी जाऊ शकते, आणि कडक उन्हात कंप्रेसर तापून मध्येच बंदही पडतो. आमचा दुपारी 2 ते 4 मध्ये पडायचा. नवीन घेणार असाल तर सरळ दोन पाइपवालाच घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. एक पाइपवाला एसी चालू असताना दाराजवळ जनरेटर लावू नका आणि आत गॅसची शेगडी पेटवू नका. जी ओढ उदबत्तीचा धूर आत घेते, तीच जनरेटरचा धूरही घेईल, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

बॅटरीवर चालवायचं मनात असेल तर तेही सोडा. एसीचे 1200 वॉट म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 100 अँपिअरच्या वर ओढ. 150 एएचची इन्व्हर्टरची बॅटरी तासभरही धड टिकत नाही. साध्या 6 अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावरही लावू नका, आमचा प्लग वितळला होता. 16 अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर हवी.

माझं मत विचाराल तर आपल्या कोरड्या मे महिन्यात दिवसा वाळ्याचा कूलर आणि समोरची खिडकी उघडी, हेच बरं. एसीची खरी गरज पाऊस पडून दमट झाल्यावर, तेव्हा कूलर नुसता चिकचिकाट करतो. दोन्ही एकत्र चालवू नका, कूलरची ओल वाळवण्यातच एसीची ताकद जाते.

आज एवढंच करा: एसी वीस मिनिटं चालू ठेवून थंड हवेच्या जाळीपाशी आणि हवा आत ओढणाऱ्या वरच्या जाळीपाशी थर्मामीटर धरा. दोन्हींत आठ-दहा अंशांचा फरक असला तर गॅसला काही झालेलं नाही. आकडे इथे टाका, आणि मागच्या बाजूचा फोटोही, म्हणजे खोकं कुठे बसेल ते सांगता येईल.