मेकॅनिकल ब्रॉडहेडच्या पात्यांना पुन्हा धार लावता येते का?

मेकॅनिकल ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं, लागताक्षणी पाती उघडणारं टोक. त्याच्या पात्यांना धार लावता येते, पण पातं सरळ असेल तरच. हरणाच्या हाडाला लागून ते वाकलं असेल किंवा धारेला खाच पडली असेल, तर नवं बसवा. ही पाती साधारण मिलिमीटरभर जाडीची. दगडावर फार घासलीत तर धारेआधी पातंच संपतं.

नुसती बोथट झाली असतील तर स्क्रू काढून एकेक पातं सुटं करा. कंपनीने धारेला दिलेल्या उताराला मार्करने रंग द्या आणि बारीक डायमंड स्टोनवर हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. रंग सगळीकडून सारखा गेला, म्हणजे कोन बरोबर धरलाय. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलटं, म्हणजे धार मागे ठेवून ओढा. ताणलेलं रबरबँड नुसत्या स्पर्शाने तुटलं पाहिजे. सगळ्या पात्यांना सारखेच हात द्या, नाहीतर बाण डगमगतो.

माझ्या मते धारेइतकंच लक्ष बिजागरीकडे हवं, आणि तिथेच लोक चुकतात. सरावाच्या टार्गेटमधला फोम आणि वाळलेलं रक्त तिथे अडकलं तर पाती पूर्ण उघडत नाहीत, आणि जनावर जखमी होऊन तडफडत पळतं. म्हणून जुन्या टूथब्रशने साफ करा, पूर्ण वाळवा, व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. पाती मिटलेली धरून ठेवणारी कॉलर किंवा रबरी रिंग प्रत्येक वेळी बाण मारल्यावर बदला. सरावाला वेगळं प्रॅक्टिस हेड ठेवा.

हे सगळं अमेरिकेतल्या परवान्याच्या शिकारीपुरतं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे.