राग घरातच का निघतो?

"बाहेर सगळ्यांशी गोड, घरात मात्र आमच्यावर डाफरते. आमचंच काही चुकलं का?" किशोरवयीन मुलांचे आईवडील हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला सारखे येतात. त्यातली ही एक केस, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

मुलगी १५ वर्षांची. न विचारता पेन घेतलं म्हणून तिने धाकट्या भावाची वही टराटरा फाडली होती. आई सांगत होती आणि ही बाटलीवरचं लेबल नखाने सोलत बसली होती. "मला काही टेन्शन नाहीये," एवढंच बोलली.

पहिली दोन सत्रं तिने मला नुसतं हसवलं. शिक्षकांच्या नकला तर अशा करायची की बस्स! तिसऱ्या वेळी मी घाई केली. "हसण्याआड काही लपवतेयस का?" झालं, पुढे फक्त हो आणि नाही. चूक माझी. खपली ओली असताना ओढू नये, हे इतक्या वर्षांनीही मी विसरते.

पुढच्या वेळी दोघी कागदावर रेघोट्या मारत होतो. सहज विचारलं, "वही फाडलीस त्या दिवशी शाळेत काय झालं होतं?" मान वर न करता म्हणाली, "ग्रुपमधून काढलं मला." आणि तिथे? "तिथे मी हसले."

मैत्रिणींवर चिडलो तर उरलेल्याही जातील, ही भीती. भाऊ कुठे जाणार? जिथलं नातं तुटणार नाही तिथे राग निघतो. याला विस्थापन म्हणतात. 'टेन्शन नाही' हा नकार, म्हणजे त्रास होतोय हे स्वतःशीही मान्य न करणं. विनोद ही त्यातल्या त्यात शहाणी ढाल. मनोविश्लेषक ॲना फ्रॉईडने १९३६ मध्ये मनाच्या अशा बचावयंत्रणा मांडल्या, तेव्हा किशोरवयाचा वेगळा विचार केला होता. हे नाटक नसतं. आपण असं करतोय हे बहुतेकदा मुलांनाही कळत नाही.

आईला सांगितलं, वही फाडणं चालणार नाही हे ठामपणे सांगा, भरपाई तिलाच करू दे. 'तुला झालंय तरी काय' मात्र त्या क्षणी नको. नंतर, बरोबर चालताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना विचारा. नजरेला नजर नसली की मुलं जास्त बोलतात. पण झोप-जेवण उडालं, स्वतःला इजा केली किंवा मरणाची भाषा आली, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

महिन्याभराने आई म्हणाली, दार अजून आपटते. पण परवा दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाली, "राग तुझ्यावर नव्हता गं." भावाला नवी वहीही मिळाली. पहिल्याच पानावर त्याचं व्यंगचित्र काढून.